गंजात न शिजलेली मासोळी

४ फेब्रु., बुध. नागभीड
ढिवर मोहल्ल्यातल्या बायांचे रक्ताचे रिपोर्ट आले. चांगले आहेत, अपेक्षेपेक्षा बरेच चांगले. आणि माझ्या सर्वेक्षक कांताने भरून आणलेले आहाराचे फॉर्म? घरोघरी भात, वरणाचं पाणी, मिरची. तलावाकाठची मासेमारांची वस्ती, आणि मासा एकाही फॉर्मवर नाही! दोन्ही खरं कसं असेल?
पीएचडीच्या गाईड सरांना फोन. म्हणाले, घरी बसून भरले असतील, तपासा, खोटे निघाले तर तिला काढा. डोकंच उठलं.

६ फेब्रु., शुक्र.
फॉर्म पुन्हा चाळले. एकदा संशय शिरला की अक्षरातसुद्धा खोट दिसायला लागते. कांता त्याच मोहल्ल्याची सून, बारावी झालेली. सर्वेक्षकाचं ओळखपत्र घरी गेल्यावरही गळ्यातून काढत नाही, सासू चिडवते म्हणे. हिला काढायचं म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यासमोर काढायचं. आणि तरीही तिला सरळ विचारायचं धाडस झालं नाही. सरांना मात्र मेल टाकून मोकळी झाले, की मलाही फॉर्म घरी भरल्यासारखेच वाटतात. शहाणीच मी.
रविवारी न सांगता जाते.

८ फेब्रु., रवि.
गेले. कांता घरी नाही, कोणतीच बाई घरी नाही. दाराशी बसलेली सासू म्हणाली, सगळ्या तलावावर.
पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर पोचले तर बाया कमरेएवढ्या पाण्यात जाळी धरून, कांताही त्यांच्यातच. काठावर निखारे. मोठा मासा टोपलीत, बाजारासाठी. बारकी मासोळी मीठ-तिखट लावून पळसाच्या पानात, निखाऱ्यावर. पाण्यातून वर यायचं, दोन मुठी खायच्या, पुन्हा पाण्यात. घरी त्यातलं काही जात नाही.
रोज असंच का, विचारलं. एक म्हातारी हसली. "हे का जेवण आहे का बाई? पाण्यातून निंगालं का थंडी वाजते, मनून खातो."
कांताला म्हटलं, अगं, हे फॉर्मवर का नाही लिहिलंस?
"तुमीच त सांगतलं मॅडम, घरी कोन्त्या गंजात काय शिजलं थेच लिवा मनून."
सांगितलं होतं. दोन दिवस बसवून, गंजागंजाने, एकेका पातेल्याचं विचारायला मीच शिकवलं होतं. पोरगी खरं लिहीत होती, प्रश्नच आंधळा होता. इतकं हलकं वाटलं की तिथेच दगडावर बसले आणि पानभर मासोळी खाल्ली. जीभ भाजली. चालेल.

९ फेब्रु., सोम.
सरांना सगळं कळवलं. खूप हसले. आता ‘घराबाहेर काय खाल्लं’ हा रकाना वाढवायचा, सगळी घरं पुन्हा करायची. एवढी मेहनत वाया, तरी मला बरंच वाटतंय. कांताचं नाव राहिलं.
तिला सांगितलं, परत फिरावं लागेल. म्हणाली, "जाऊ न, त्यात काय." मग नवे फॉर्म पिशवीत घालता घालता: "मॅडम, तुमी काल न सांगता काऊन आल्या होत्या?"
तलाव पाहायचा होता, म्हटलं.
तिने पिशवीचे बंद घट्ट बांधले. मग म्हणाली, "येत्या रविवारी सांगून या. तुमच्यासाठी येगळी मासोळी ठेवतो."
खरं सांगायला हवं, संशयाचं आणि सरांना टाकलेल्या मेलचंही. रविवारी जाईन. सांगूनच जाईन, पण काय काय सांगून, ते अजून ठरत नाही.