धवल्यातली नावं

३ जानेवारी २०२६, शनिवार

नाही जमलं. अख्खा दिवस घालवला. शेवटी ऐकलं तर आधी हसू आलं, मग रडू.

आमच्या दिवाळे गावात लग्न म्हटलं की धवलारीण हवी. भटजी नंतर, आधी तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी. ती गाऊन देवांना बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, मग नवरा-नवरीची नावं. तीस वर्षं गावातली निम्मी लग्नं आईनं अशी लावली. मागच्या वर्षी कॅन्सरमुळे तिचं स्वरयंत्र काढलं. आता पाटी आणि पेन्सिल. आणि आठ फेब्रुवारीला माझ्या राजलक्ष्मीचं लग्न — आजीच्या आवाजाशिवाय? ते माझ्याच्यानं बघवणार नाही. म्हणून लोकांच्या लग्नांची जुनी रेकॉर्डिंग गोळा केली. धवले आईचे, पण नावं दुसऱ्यांची. ती कापायची, आपली जोडायची.

फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. कापतं बरं. पण आईच्या तोंडी 'राजलक्ष्मी' सापडलं कुठे, तर ती नातीला जेवायला हाक मारते त्या व्हिडिओत. तेच चिकटवलं — भर मांडवात आई नवरीवर खेकसते आहे!

६ जानेवारी

मोबाइलवरचं ॲप बघितलं. दर दोन मिनिटांनी जाहिरात. काढून टाकलं.

११ जानेवारी, रविवार

पावणे गावात ओळखीच्या कुलदीपकडे गेलो. एका वर्कशॉपच्या वरच्या गाळ्यात तो जाहिरातींचे आवाज भरतो. म्हणाला, "विशूभाऊ, घरच्या कामाला फुकटचं बस झालं. बारशाचा व्हिडिओ, रिंगटोन — काय टेन्शन नाय. पन तुमाला जनरेटरची घरघर काढायची, बँड वेगळा करायचा, तर प्रोवालाच घ्या. महिन्याचं भाडं असतं."

मग विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" प्रीतम. "आई कधी बोलल्यात हे नाव?"

कधी बोलणार? सोयरीक जमली तेव्हा तिचा आवाज गेलेला होता.

"मग कापून-जोडून नाय भेटनार. प्रोला आवाज शिकवता येतो. आपन टाईप करायचं, आईच्या आवाजात बाहेर येतं."

नको म्हणून उठलो. आईच्या तोंडी न बोललेला शब्द घालायचा म्हणजे काय! बसमध्ये मात्र तेच डोक्यात.

१५ जानेवारी, गुरुवार

आईच्या स्कॅनचा रिपोर्ट आला. फुप्फुसात पसरलंय. डॉक्टर म्हणाले, आता दिवस सांगता येत नाहीत.

बायको, उज्वला, म्हणाली, "लग्न होईपर्यंत आईंना कळू द्यायचं नाही." दोघांनी तोंडं धुतली, मग घरात गेलो. आईनं पाटी पुढे केली — काय बोलला डॉक्टर? मी म्हणालो, सगळं ठीक आहे. जन्मात तिच्याशी इतक्या सफाईनं खोटं बोललो नव्हतो. ती पाटी पुसत बसली.

१८ जानेवारी

प्रो घेतलं. न्हावा शेवा बंदरात कंटेनरची कागदपत्रं भरणारा मी, मला कशाला हवं स्टुडिओवाल्यांचं सॉफ्टवेअर? पण आता तुलना करत बसायला वेळ नाही. आईचा तासाभराचा आवाज त्यात घातला.

१९ जानेवारी

'प्रीतम' टाईप केलं. आई म्हणाली. उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो.

२४ जानेवारी, शनिवार

आज आईला ऐकवलं. रागावेल अशी धाकधूक होती. अंगणात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. हात पुसले, हेडफोन लावून घेतला, डोळे मिटले. एक हात गळ्याच्या रुमालावर गेला आणि तिथेच राहिला. वाटलं, मी फार मोठी चूक केली.

तिनं परत लावायला सांगितलं. मग पाटीवर लिहिलं — "चढा लागलाय. खाली घे."

बाई सुधारायची नाही! माझ्या भाड्याच्या सॉफ्टवेअरलाही तिनं सूर दाखवला. खाली घेतला. मान डोलावली. कित्येक दिवसांत तिला असं खूश पाहिलं नव्हतं.

मग म्हणालो, आता आपल्या घरातल्या गेलेल्यांची नावं घालायची राहिलीत. क्रम चुकायला नको, तूच लिहून दे. उद्या देते, अशी खूण केली.

२५ जानेवारी

सकाळी चहाबरोबर कागद दिला. आजोबा शिवराम. आजी गोजरा. बाबा सिताराम. माझा धाकटा भाऊ अंकुश. आणि सगळ्यांच्या खाली, त्याच अक्षरात, तिचं स्वतःचं नाव — वेणूबाई.

मी कागदावरून मान वर केली. तिनं पाटी ओढली.

"तुमची तोंडं बगून कलला मना. बोलाव, येन."