बारसं झालेली उडती बोट

माज्जोरे तळे, ४ मार्च १९२६

ती. एर्सिलियाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, घात झाला! आमच्या कारखान्याने उडती बोट रद्द केली. चाळीस उतारूंच्या खुर्च्या मी माझ्या हातांनी बसवल्या, पंख तेवढे लावायचे राहिले होते. मालक म्हणतात, सांगाडा फोडा नि जळणाला काढा.

नोकरी गेली खड्ड्यात, पाल्मिराचं काय? तिचा बाप सिरो कोळी. आमच्या इंजिनांनी मासे पळतात म्हणून आधीच खार खाऊन आहे. नाताळात भर खानावळीत मेरीमातेच्या तसबिरीवर हात ठेवून म्हणाला होता, की तुझा पेटारा ज्या दिवशी चाळीस माणसं पलीकडच्या काठाला पोचवील, त्या दिवशी पोरगी तुझी. आता मला बघून मिशीत हसतो.

तुझ्या शेळ्या राखायला येऊ का?

तुझा अभागी भाऊ,
आंब्रोजो

डोंगरातून, ११ मार्च

चि. आंब्रोजोस अनेक आशीर्वाद.

माझ्या शेळ्यांना अक्कल आहे, त्यांना तुझी संगत नको. अरे रडतोस काय? तूच लिहिलं होतंस ना, की बिशप यायचे म्हणून पाद्रीबाबांनी घाईघाईत पंखांआधीच बोटीचं बारसं उरकलं? मला डोंगरात दिली म्हणून मी तळं विसरले नाही. बारसं झालेली बोट फोडली, की तळं माणूस मागतं. हे खानावळीत जरा मोठ्याने बोल.

माया आहे म्हणून शिव्या देते, राग मानू नकोस.

तुझी ताई

माज्जोरे तळे, २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पाय धरावेसे वाटतात! मी बोललो मात्र, एकही माणूस हातोडा उचलीना. शेवटी मालक वैतागून म्हणाले, हवी त्याने ओढून न्यावी. नेली कुणी? सिरोने! फुकटची बोट म्हटल्यावर राग कुठल्या कुठे पळाला.

बुधवारी पलीकडच्या बाजाराला त्याने पोरांना वल्ह्यांवर बसवलं नि बाया, कोंबड्या, चीजचे गड्डे भरून स्वतः सुकाणू धरलं. पाल्मिराने मुकाट्याने माणसं मोजली. खुर्च्यांवर एकोणचाळीस बसली. चाळिसाव्या खुर्चीवर ती स्वतः बसली.

काठ लागताच तिने बापाला शब्दाची आठवण करून दिली. तो ओरडला, की उडायला हवं होतं! बाया त्याच्यावर तुटून पडल्या, की मेल्या, उडण्याचं मेरीमातेपुढे तू कधी बोललास? बिचाऱ्याने सुकाणू सोडलं. मग मी बसवलेली एक खुर्ची हलवून बघत पुटपुटला, की जावयाचं काम पक्कं आहे. ताई, मला रडूच फुटलं.

लग्न मे महिन्यात. पलीकडच्या काठावर उतर, तुला आणायला सासरे स्वतः बोट घेऊन येतील. शेळ्या मात्र आणू नकोस, खुर्च्या चाळीसच आहेत.

तुझ्या शिव्यांचा धनी,
आंब्रोजो