चौदा दिवस पाणी

अप्पा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मनातल्या मनात मी तुमच्याशी वादच घालत असते. आज लिहून बघते.

तुम्ही रेल्वेच्या बांधकाम खात्यात होतात. मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असताना तुम्ही मला चेन्नईतल्या एग्मोरजवळच्या साइटवर घेऊन गेलात. मे महिना, डोकं तापलेलं. आदल्या दिवशी टाकलेल्या स्लॅबवर तडे जाऊ नयेत म्हणून मातीचे वाफे करून पाणी भरलंय, आणि एक वाफा कोरडा दिसताच तुम्ही ओरडताय, "तण्णी ऊत्तुंगा! पाणी कोण घालणार, माझा मामा?" अर्धं तमिळ, अर्धं मराठी, मुकादमाला बरोबर कळायचं. मी फोटो काढत होते. माझ्याकडे वळून म्हणालात, "फोटो कसले काढतेस? स्लॅबच्या दिवशी जेवायला सगळेच येतात. पुढे चौदा दिवस पाणी मारायला जो येतो, तो खरा बांधणारा." चारचौघांत बोललात म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. नाकावरचा राग तुमचाच घेतलाय.

चौथ्या वर्षी मी श्रीलंकेला निघाले. पुरात वाहून गेलेली एका गावाची शाळा आम्ही देशोदेशीचे विद्यार्थी बांधून देणार होतो. "आपल्याकडचे पूर संपले वाटतं!" तुम्ही चिडवलंत, आणि हसता हसता बराच वेळ खोकत राहिलात. स्लॅब टाकला त्या दिवशी गावानं जेवण घातलं, फोटो झाले, आणि दुसऱ्या सकाळी बाकीची मुलं आपापल्या देशी निघून गेली. माझंही तिकीट होतं. त्याच सकाळी आईचा फोन आला. "अप्पांना अ‍ॅडमिट केलंय. घाबरू नकोस, पण लगेच ये." मी म्हटलं, "आई, इथे पाणी मारायला कुणी नाही गं. चौदा दिवस थांबावं लागेल." मागून तुमचा धापा टाकणारा आवाज आला, "राहू दे तिला. बरोबर करतेय."

नवव्या दिवशी तुम्ही गेलात. चेन्नई तिथून विमानानं तासाभरावर. मी पोचले तेव्हा तुम्हाला आपल्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये आणून ठेवलं होतं.

आई आजही आल्यागेल्याला कौतुकानं सांगते, बापाचा शब्द राखायला पोरगी परमुलखात एकटी राहिली. परवा माझ्या ऑफिसातल्या मुलींनाही सांगितलं. मी खाली मान घालून कप भरत राहिले.

खरं असं आहे, अप्पा, की त्या सकाळी मी उठायच्या आत शाळेशेजारच्या एका आजीनं आणि तिच्या सुनेनं सगळे वाफे भरून ठेवले होते. "तू घरी जा, कण्णू. आमची शाळा आहे, आम्ही बघतो," आजी तिच्या तमिळमध्ये लाडानं म्हणाली. आईचा फोन आला तो त्यानंतर. पाणी मारायला माणसं होती. मलाच हॉस्पिटलात यायचं नव्हतं. नाकात नळी घालून आडवे पडलेले तुम्ही मला बघवणार नव्हतात, म्हणून मी तुमचाच शब्द पुढे केला. तुम्ही शाबासकी दिलीत तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

हे आईला वाचून दाखवायचं असं ठरवूनच लिहायला बसले होते. ती आत भाजी निवडतेय. हाक मारली तर लगेच येईल.

मी हाक मारत नाही.