शनिवारच्या वाती

प्रिय अंतरा,

ब्रह्मा घाटावरून तुझ्या आजीचे पुष्कळ आशीर्वाद. मी चौथीपर्यंतच शिकलेली, अक्षर किरटं आहे, पण तू लावून वाच. तुझी आजी शाळेत शिकवायला लागली. हसू नकोस.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी लहान मुलांची शाळा आहे ना, तिथल्या हिमानीबाईंनी यंदा नवंच काढलंय. मुलं पुस्तकातून शिकतात तशी हातांनी आणि माणसांकडूनही शिकतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर शनिवारी मोहल्ल्यातलं कुणीतरी बोलवायचं. नावाड्याने गाठी मारायला शिकवल्या, कुंभारणीने सगळ्यांना चिखलात बसवलं. मग बाई माझ्याकडे आल्या. म्हटलं, मला मेलीला काय येतं? तर म्हणाल्या, दारावरून जाताना रोज दिसतं, तुम्ही वाती वळता. वळते खरी. तुझे आजोबा गेल्यापासून दुसरं करू काय? सकाळी दूधवाला ‘माताजी’ म्हणतो, त्यानंतर दिवसभर मला कुणी हाक मारत नाही. म्हणूनच तुझा बाबा म्हणाला, दिवाळीनंतर बंगळुरूला कायमची चल, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिकीटही काढलंय त्याने.

तर पहिल्या शनिवारी मी सोवळं नेसून, देवाचा कापूस घेऊन गेले. मुलं भोवती जमली तशी सवयीने बोलून गेले, लांब बसा, शिवू नका, देवाचा आहे. सगळी हात पाठीमागे बांधून बसली. मी आपली एकटीच वळतेय आणि दाखवतेय. नावाड्याची कस्तुरी, पुढचे दोन दात पडलेली, म्हणाली, “आजी, छुएँगे नहीं तो सीखेंगे कैसे?” हिमानीबाई फळ्याकडे बघत राहिल्या. जन्मात हे मला कुणी विचारलं नव्हतं गं, मीही स्वतःला नाही. सगळा कापूस उचलला आणि तिच्या ओंजळीत ठेवला.

एकेकाच्या वाती काय सांगू, कुणाची गोगलगाय, कुणाचं दोरखंड. संध्याकाळी त्याच देवापुढे लावल्या. कस्तुरीची फार धुरकटली, देवाने तक्रार केली नाही. मुलांनी पुन्हा पुन्हा बोलावलं, आता सहा शनिवार झाले. भाजीला निघाले की घाटाच्या पायऱ्यांवरून हाक येते. हिंदी बोलणारी पोरं, पण आजीच म्हणतात. परवा बाईंनी शनिवारच्या तक्त्यावर माझं नाव पार मार्चपर्यंत लिहिलं. मी नको म्हटलं नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. मला यायचं नाही. बाबाला फोनवर तीनदा सांगायला गेले, पण तो थकल्या आवाजात “आई, तुझी काळजी वाटते” म्हणाला, की माझ्या तोंडून ‘येते रे’च निघतं. मागे तुमच्याकडे चार महिने राहिले. तुझ्या आईने काही कमी केलं नाही, पण तुम्ही सगळी सकाळी बाहेर पडलात की मी गॅलरीत बसून फाटकातून कोण आत येतंय ते बघायची. तिथली दुपार इथल्याहून लांब होती. एवढं गाळ आणि बाकीचं त्याला वाचून दाखव. इथेही सहा दिवस एकटीनेच काढायचेत, ठाऊक आहे मला. पण सातव्या दिवशी माझी वाट बघतात. तिकीट रद्द करायला सांग. रागावला तर रागावू दे. गप्प झाला, तर मात्र उठून जाऊ नकोस, त्याच्याजवळ जरा बस.

तुझीच,
पद्माआजी