काचा काळ्या आहेत तोवर

४ जानेवारी
गाडी आजपासून माझ्या हातात! ह्यांनी माजलगावहून सेकंडहँड आणली. पण कारखाना चालू आहे तोवर ते तिकडंच, ट्रॅक्टरवर. लायसन्स घरात दोघांकडेच, म्हणजे गावात चालवणार मीच. आमच्या गावात बाईच्या हाती स्टिअरिंग पहिल्यांदा. आबांची, म्हणजे सासऱ्यांची, अट आहेच. "काचा काळ्या हायेत तवर चालव, सुमन. सून गाडी हाकती हे गावानं बघायचं न्हाई."
बरं म्हटलं. चालवायला मिळतंय ना! अंगणवाडीत दिवसभर किल्ली कमरेला. पोरांना बडबडगीत शिकवतानाही हात किल्लीवरच. उगाच.

८ जानेवारी
आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. बीडहून निघताना स्टँडजवळ हवालदारानं अडवलं. पावती फाडली. "ताई, काचांवरची ही काळी फिल्म काढा. समोरच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड आत आला पायजे, बाजूच्यातून पन्नास."
मागून आबा, "काच हाय का दूध, फॅट लावायला?"
हवालदार हसला. मला हसू आलं नाही. फिल्म निघाली की आबांची अट मोडली, आणि अट मोडली की माझी गाडी गेली.

९ जानेवारी
ह्यांना फोन केला. म्हणाले, नियम आता बदललाय, हलकी फिल्म चालती, पन्नास टक्के उजेड सोडणारी लाव, मग कायद्यात बसतं. जीव भांड्यात पडला. कायदाही राहील, आबाही राहतील.
दुपारी – लुगडं वाळत घालताना डोक्यात आलं. एकेरी पदरातून अंगण दिसतं, दुहेरीतून नाही. गाडीची काच कंपनीतून येतानाच थोडी गडद. समजा ती सत्तर उजेड सोडते. त्यावर पन्नासची फिल्म, म्हणजे सत्तरचे निम्मे. पस्तीस! नापास. पुन्हा मांडून बघितलं, तेवढंच.
नियम बदलला की नाही, कोर्ट काय म्हणतं, ते मोठ्या माणसांनी बघावं. ह्या हिशेबानं माझी गाडी कायद्यात बसत नाही. आबांना अजून सांगितलं नाही.

१२ जानेवारी
आबांचे डोळ्यात घालायचे थेंब आणायला सिरसाळ्याला गेलो होतो दोघं. येताना दिवस बुडालेला, वळणावर डावीकडून... मला काहीच दिसलं नाही. आबांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, तरी तेच ओरडले, "मेंढरं! मेंढरं हायेत, थांब!" बें बें ऐकू आलं त्यांना. ब्रेक लागला. कोकरू चाकापासून हातभर.
मेंढपाळ काठी घेऊन धावला. काचेवर थापा. आत कोण आहे ते त्याला दिसेना. "कोन मस्तवाल हाय बे आत? तोंड दाव आधी!"
आबांनी काच खाली केली. त्यांच्या माहितीतला माणूस निघाला. "आबा... तुमी?" त्यानं काठी खाली घेतली. स्वतः जन्मभर मेंढरं राखलेले आबा मान खाली घालून बसले. मला फार वाईट वाटलं.
घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "तुला दिसलीच न्हाईत?"
"न्हाई आबा. सांजच्याला बाजूचं कायच दिसत न्हाई."

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ वाटून झाला आणि मी गरम पाणी, साबण, ब्लेड घेऊन बसले. कुणाला विचारलं नाही. आबा बाजेवरून बघत होते. फिल्मचा गोंद लई चिवट, नखं गेली. पण निघाली, सगळी निघाली! आत ऊन आल्यावर कळलं, सीटचा रंग काळा नाहीच, डाळिंबी आहे. इतके दिवस माहीतच नव्हतं. काम माझं, गणितही माझं. आज कुणी काही म्हणो.

१७ जानेवारी
ह्यांना कुणीतरी कळवलंच. फोन आला. "कुनाला इचारून काढली फिल्म?"
"कायद्याला."
मग, "पुढच्या रविवारी येतो, मंग बघू. तवर किल्ली आबाकडं दे."
दिली. आबांनी बंडीच्या खिशात टाकली. कमर मोकळी मोकळी वाटते.

२० जानेवारी
आबांच्या डोळ्याची तपासणी, बीडला. एसटीनंच जायचं म्हणून पिशवी भरली होती. आबा उठले, खिशातून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली. "यष्टीत डोळ्यात धूळ जाती."
डोळ्यात पाणी आलं, ते मात्र धुळीचं नव्हतं. आबांना अवघडायला नको म्हणून गाडी गावामागच्या पांदीच्या वाटेनं घेतली.
"हिकडून कशापायी?"
"कोणी बघायला नको म्हणून, आबा."
"पारावरनं घे."
वळवली. पारावर सगळे बसलेले. बोलणी थांबली, माना वळल्या. आबा शेजारच्या सीटवर ताठ, फेटा नीट केलेला. "हळू," म्हणाले. आणखी हळू केली. मग म्हणाले, "काच खाली कर."
त्यांच्या बाजूची करायला लागले.
"माझी न्हाई. तुझी."

परत आल्यावर किल्ली पुढं केली. आबांनी घेतली नाही. रविवारी हे येणार. किल्ली कमरेला आहे.