बाबांची वीत

ता. ४ जून

चि. घुशीस,
अ. उ. आ.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. चष्म्याची काडी तुटली होती आणि ती जोडून आणायला तुझ्या दादाला तीन आठवडे लागले. तो म्हणतो, फोन करा. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि दुसऱ्या हाताने कीबोर्ड बडवतेस, ते मला ऐकू येतं.

तुमचं ड्रिल चाचणीत पुन्हा अडकलं म्हणे. मंगळाला भोक पाडायच्या नादाला लागून तुला सहा वर्षं झाली, आणि खोली किती, तर दोन मीटर! मी चौथी नापास, पण विहिरींसाठी दिवसाला दोनशे फूट बोअर मारायचो. तिथे पाणी सोडता येत नाही, म्हणून भुकटी वर येत नाही, हे कळलं. मग कोरड्या जमिनीत आम्ही काय करायचो? दर वितीला दांडा वर उचलायचा, झाडायचा, पुन्हा सोडायचा. हावरटपणा केला की अडकलाच. तुमच्या मॅडमना सांग. लाज वाटत असेल तर माझं नाव घेऊ नकोस.

जेवतेस ना वेळेवर?

तुझा,
बाबा

ता. १९ जून

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, तुमचं नाव घेऊन. मॅडम म्हणाल्या, करून बघू. हवा काढून घेतलेल्या टाकीत गोठवलेल्या मातीचा ठोकळा ठेवला. दर नऊ इंचांना दांडा उचलला, झाडला. पाचव्या खेपेला अडकला. आता सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

दहा जुलैला शेवटची चाचणी. तेव्हाही अडकलं तर आमचं ड्रिल यानातून काढून तिथे जास्तीचा कॅमेरा बसवणार. बाबा, खरं सांगा, तुम्ही असंच करायचात, की आता तसं आठवतं?

तुमची,
घुशी

ता. २३ जून

चि. घुशीस,
अ. उ. आ.

नऊ इंच तुला कोणी सांगितले? मी वीत लिहिलं होतं! दादा म्हणतो, वीत म्हणजे नऊच इंच, पुस्तकात आहे. घाला ते पुस्तक चुलीत. दांड्यावर खूण मी हाताने करायचो, पुस्तकाने नाही. माझी करंगळी विसरलीस? तू तीन वर्षांची असताना बोअरच्या मशीनच्या साखळीत सापडून अर्धी गेली. त्याआधी माझेही दांडे अडकायचे. मला वाटायचं, पुढे अनुभवाने हात बसला. आज टेबलावर पंजा पसरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अनुभव कसला, वीतच तोकडी झाली होती.

मागच्या पानावर पंजा गिरवला आहे. दादाने पट्टी लावली, साडेसहा इंच भरले. साडेसहाच. शहाणपणा करून सात करू नकोस.

तुझा,
बाबा

ता. १२ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न.

गेलं! दोन मीटर, एकदाही न अडकता. ड्रिल यानात राहिलं. प्रोग्रॅममध्ये त्या अंतराला नाव द्यावं लागतं, मी "वीत" लिहिलं होतं. मॅडमनी ते बदलून "बाबांची वीत" केलं. तुमचा पंजा टाकीच्या दारावर चिकटवलाय. यान पुढच्या वर्षी निघेल, पोचायला आठ महिने.

तुमची,
घुशी

ता. २० जुलै

चि. घुशीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दादाने चारदा वाचून दाखवलं. पाचव्यांदा म्हणाला, चष्मा आहे ना आता, स्वतः वाचा.

पंजा दारावर कशाला लावलात? त्या कागदावर तेलाचा डाग होता. मॅडम काय म्हणाल्या असतील! सांगितलं असतंस तर स्वच्छ काढून पाठवला असता.

आणि पुढचं वर्ष, वर आठ महिने? माझं वय त्यांना ठाऊक आहे का? खाली कातळ लागतो की ओल, हे वर्तमानपत्राच्या आधी मला कळलं पाहिजे, त्यासाठी थांबेन म्हणतो. पण एवढी वाट एका दमात बघणं माझ्याच्याने व्हायचं नाही, मधेच अडकेन. दर महिन्याला एक पत्र टाकत जा, म्हणजे वितीवितीने जाईल. पहिलं लवकर टाक. वाट बघतो आहे.

तुझा,
बाबा