दोनदा आलेलं पत्र

कोईमतूर, ३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शर्यतीत डोक्यावर पडले, तेव्हापासून डॉक्टरांनी मोबाईल बंद केलाय, म्हणून पत्र. काळजी नसावी. मोटरसायकलच्या मोटोक्रॉस शर्यतीची दोन वेळची राष्ट्रीय विजेती शाळकरी पोरीसारखी बोटं शाईनं माखून बसलीय, हसा खुशाल! तिसऱ्या विजेतेपदाची शर्यत तीस तारखेला आहे. सांबार खाऊन जीव विटला. आईला शेंगदाण्याची चटणी पाठवायला सांगा. दोघांनी लोभ ठेवावा.

तुमची,
सृष्टी

देवळाली प्रवरा, १४ नोव्हेंबर

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

चटणी लगेच पाठवली. काल तुझं दुसरं पत्र आलं. त्यातही शाईची बोटं, सांबार, चटणी. वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. शब्दन् शब्द तोच. पोरीला लई आठवन येती वाटतं, असं तुझी आई म्हणाली. मी हो म्हटलं.

बाळा, पहिलं पत्र लिहिल्याचं तू विसरलीस. तुझ्या गाडीच्या उड्यांसाठी उसाच्या बांधाला ट्रॅक्टरनं उंचवटे मीच घातले, पडलीस की रडायचं नाही म्हणून दटावणाराही मीच. आता थांब म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो. शर्यत सोड. दोन्ही पत्रं सोबत पाठवतोय, डॉक्टरांना दाखव.

आईचेही आशीर्वाद.

तुझे,
अण्णा

कोईमतूर, २१ नोव्हेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

अक्षर माझंच आहे. खूप रडले. पण डॉक्टरांना पत्रं दाखवली असती, तर त्यांनी शर्यतीच्या परवानगीवर सही केली नसती. म्हणून फाडून टाकली. काल सही झाली. रागावू नका. गाडी सोडून जगायचं कसं, ते तुम्ही शिकवलंच नाहीत. आईला यातलं काही सांगू नका. आशीर्वाद असू द्यावा.

तुमची,
सृष्टी

देवळाली प्रवरा, २९ नोव्हेंबर

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. उद्या सकाळी शर्यत. कोणत्याही गाडीनं निघालो तरी वेळेत पोचत नाही. तुझ्या टीमच्या मॅनेजरला चारदा फोन केला. तू सरावात आहेस आणि डॉक्टरांची सही आहे, असं सांगतात. पोरगी विसरते, एकच पत्र दोनदा लिहिते म्हणालो, तर पुरावा काय, ती पत्रं पाठवा म्हणाले. मी शहाण्यानं फोटोसुद्धा काढून ठेवला नाही, ती तुलाच पाठवली.

आई विचारतेय, कुणाला एवढे फोन करताय. तिला काय सांगू?

हे पत्र पोचेल तेव्हा शर्यत होऊन गेलेली असेल. जिंकलीस की हरलीस, मला नको सांगूस. फक्त उत्तर पाठव. तेच तेच लिहिलंस तरी चालेल.

तुझे,
अण्णा